दोन-पाच आणि चार-दहा

मी केमिस्ट झालो, तरी हाडाने कारकूनच राहिलो. आजोबा कचेरीत होते, वडील कचेरीत होते. आमच्या घरात माणूस एक वेळ उपाशी राहिलेला चालायचा, पण कागद अर्धवट राहिलेला चालायचा नाही. लग्नपत्रिका आली की वडील आधी तिच्यातल्या चुकांना लाल पेनने गोल करायचे आणि मग लग्न कोणाचं आहे ते बघायचे. ते लाल पेन माझ्याकडे वारशाने आलं. बायको म्हणायची, "या माणसाकडे मीठ मागितलं तर आधी विचारेल, सोडियम क्लोराईडच ना?" मी हसायचो. खरं तर मला त्यात स्वतःचं कौतुकच वाटायचं.

शेंद्र्याच्या एका लहान कारखान्यात मी वीसेक वर्षं काढली. औषधं बनवताना मध्ये जी रसायनं लागतात ती आम्ही तयार करून दुसऱ्यांना द्यायचो. गोळी किंवा बाटली आमच्याकडे कधी बनलीच नाही, त्यामुळे नातेवाइकांना मी नेमकं काय करतो ते शेवटपर्यंत कळलं नाही. माझ्याकडे तपासणीची लॅब होती आणि कच्च्या मालाच्या लेबलांचं काम. कुठल्या ड्रमवर काय लिहायचं हे माझ्या सहीशिवाय ठरत नसे. पगार बेताचा होता, पण त्या सहीचा मला मोठा रुबाब वाटायचा.

मामा आमच्या गोदामात हेल्पर होते. माझे ते कोणी नव्हते, सगळा कारखानाच त्यांना मामा म्हणायचा. माझ्यापेक्षा पाचसहा वर्षांनी मोठे, बाजूच्याच गावातले. त्यांचं शेत औद्योगिक वसाहतीत गेलं आणि त्या शेतापासून हाकेच्या अंतरावर ते ड्रम लोटायला लागले. शाळा तिसरीपर्यंत. मराठी अडखळत वाचायचे, इंग्रजी मुळीच नाही. पण आकडे पक्के होते, इंग्रजीतलेसुद्धा. खताच्या गोण्या वाचून वाचून ते आकडे त्यांच्या डोळ्यांत बसले होते.

गोदामाच्या मागे एक कोरडी खोली होती. तिथे पाण्याला बंदी. फरशी पुसायची ती कोरड्या फडक्याने, आणि पावसाळ्यात छत्री बाहेर ठेवून आत जायचं. या सगळ्या सोवळ्याचं कारण एक पांढरी भुकटी होती, फॉस्फरस पेंटॉक्साइड. दिसायला मैद्यासारखी, पण पाण्याची एवढी हावरी की हवेतला दमटपणासुद्धा ओढून घेते. तिच्यावर पाणी पडलं की तव्यावर पडल्यासारखं चर्र होतं, उकळी फुटते आणि कढत आम्ल उडतं. आम्हाला ती नेमकी त्या हावरेपणासाठीच लागायची. दुसऱ्या पदार्थातलं पाणी ती ओढून काढते.

मामा नवीन होते तेव्हा मी एका दुपारी डबा खाताना त्यांना 'फॉस्फरस पेंटॉक्साइड' म्हणायला शिकवत होतो. तीनचार वेळा प्रयत्न करून त्यांनी हात जोडले.

"सर, ह्ये माझ्या तोंडात बसायचं नाय. त्येच्यावर आकडा काय हाय त्येवढं सांगा."

मी लेबलवर बोट ठेवून दाखवलं. P₂O₅. P च्या पायाशी दोन, O च्या पायाशी पाच.

"मंग सरळ दोन-पाच म्हना की."

तेव्हापासून ती भुकटी दोन-पाच झाली. आधी मामांची, मग गोदामाची, मग सगळ्या कारखान्याची. मी त्यांना एकच नियम शिकवला, की दोन-पाचला पाणी दाखवायचं नाही. तो नियम त्यांनी देवाच्या नेमासारखा पाळला. एकदा एका इंजिनिअरने त्या खोलीत पाण्याची बाटली नेली, तर मामांनी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. त्याने तक्रार केली. मॅनेजरांनी मामांना बोलावून शाबासकी दिली.

मामांना या आकड्यांची गोडीच लागली होती. एकदा म्हणाले, "सर, डीएपीच्या गोनीवर अठरा-शेचाळीस आसतंय. अठरा नत्र, शेचाळीस स्फुरद. व्हय ना?"

मी म्हणालो, "हो, पण ते शेचाळीस मोजताना स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, दोन-पाचच्या रूपात धरतात."

"म्हंजे गोनीत दोन-पाच आसती?"

"कणभरही नसते. असती तर पावसात गोणी उकळली असती. पूर्वी तसं मोजायची रीत पडली, ती राहिली."

मामा विचारात पडले. मग म्हणाले, "गोनीवर नाव एकाचं, आत भलतंच. लई शानी मानसं हाईत तुमची."

दोन-पाच हे सूत्रसुद्धा पुरतं खरं नाही, हे मात्र मी त्यांना कधी सांगितलं नाही. त्या पदार्थाच्या एका रेणूत फॉस्फरसचे चार अणू असतात आणि ऑक्सिजनचे दहा. खरं सूत्र P₄O₁₀. जुन्या लोकांना फक्त प्रमाण माहीत होतं, दोनाला पाच, आणि त्यावरून त्यांनी पेंटॉक्साइड, म्हणजे पाच ऑक्सिजनवाला, असं नाव ठेवलं. पुढे वाफेचं वजन करून कळलं की रेणू त्याच्या दुप्पट आहे. सूत्र सुधारलं गेलं, पण नाव तेच राहिलं. त्याच्या धाकट्या भावाचंही तेच झालं. त्याला ट्रायॉक्साइड म्हणतात आणि रेणूत ऑक्सिजन सहा असतात. पुस्तकं हे एका ओळीत सांगून पुढे जातात. मला मात्र ते भातातल्या खड्यासारखं लागायचं. ड्रमवरचं P₂O₅ बघितलं की वाटायचं, हे अर्धवट आहे.

शहराचं नाव बदललं त्या सुमाराची गोष्ट. पाट्या रंगवणाऱ्यांना आणि छापखानेवाल्यांना तेव्हा फुरसत नव्हती. आमच्या प्रत्येक लेबलवर कंपनीचा पत्ता होता, म्हणजे सगळीच लेबलं नव्याने छापायची होती. त्याच महिन्यात माल घेणाऱ्या एका कंपनीचा तपासनीस आला. कोवळा पोरगा, दाढी नुकती कोरलेली. माझी फाइल चाळताना म्हणाला, "सर, तुमच्या सर्टिफिकेटवर P₄O₁₀ आहे आणि ड्रमवर P₂O₅. एक काहीतरी ठेवा ना." एवढंच म्हणाला, तेही हसून. पण माझे कान तापले. जी चूक मला वीस वर्षं खुपत होती, ती हा कालचा पोरगा मला दाखवत होता.

लेबलं छापायचीच होती. मी जुनं सूत्र खोडलं आणि P₄O₁₀ लिहिलं. नावही नवं, पूर्ण शास्त्रशुद्ध, दीड ओळीचं. पेंटॉक्साइड हा शब्दच काढून टाकला. त्या दिवशी मी घरी गेलो तो फार खुशीत होतो. बायकोने विचारलं, काय झालं? मी तिला जेवताना सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं, आता भाजी वाढू का?"

लेबल बदललं की माणसांना सांगायचं, आणि सांगितल्याच्या सह्या रजिस्टरमध्ये घ्यायच्या, असा नियम आहे. एका गुरुवारी मी सगळ्यांना दहा मिनिटं उभं केलं. सांगितलं की उद्यापासून येणाऱ्या ड्रमांवर चार-दहा असेल. माल तोच आहे, दोन-पाचच आहे, नियमही तेच आहेत. सगळ्यांनी माना हलवल्या आणि सह्या केल्या. मामा नव्हते. ते भाचीच्या लग्नाला सोयगावला गेले होते. रजिस्टरमध्ये त्यांच्या नावापुढची चौकट रिकामी राहिली.

सोमवारी मामा आले. मंगळवारी तो तपासनीस परत येणार होता. रिकामी चौकट मला बघवत नाही, हे मी सुरुवातीलाच सांगितलं आहे. मी रजिस्टर घेऊन गोदामात गेलो. मामा एक ड्रम बुडाच्या कडेवर तोलून फिरवत नेत होते.

"मामा, इथं सही करा."

"कशाची, सर?"

"ट्रेनिंगची. गुरुवारी झालं ते."

त्यांनी ड्रम उभा केला, हात पँटला पुसले आणि सावकाश, एकेक अक्षर कोरत सही केली. मी म्हणालो, नंतर सांगतो काय ते. म्हणजे म्हणालो असं मला वाटतं. ते वाक्य मी खरंच उच्चारलं होतं की आता स्वतःची कीव येऊन त्यात घालतो आहे, हे मला आज छातीठोकपणे सांगता येत नाही. दुपारी सांगायचं ठरवलं होतं एवढं नक्की. दुपारी फाइलींमध्ये अडकलो. दुसऱ्या दिवशी तपासणी झाली, रजिस्टर पूर्ण निघालं, आणि मामांना सांगायचं ते राहून गेलं.

ते लगेच अंगाशी आलं नाही, कारण जुन्या लेबलचे ड्रम शिल्लक होते आणि ते आधी वापरायचे होते. नवा चार-दहाचा पहिला ड्रम खोलीत आला आणि मामांची सुट्टी असताना दुसऱ्या पाळीने तो घाईत फोडला. थोडा माल काढला आणि झाकणाची कडी नीट न आवळता ड्रम भिंतीशी ठेवून दिला. शेजारी कॉस्टिक सोड्याचे ड्रम होते. हातावर थेंब पडून कातडी जळते ते धोक्याचं चित्र दोन्हींवर होतं. पण ते चित्र आमच्या निम्म्याअधिक ड्रमांवर असतं, आणि सोड्याचे ड्रम बाहेरून बिनदिक्कत धुतले जायचे.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडच्या कुठल्याही कारखान्यात जा, त्या दिवशी उत्पादन बंद असतं आणि सगळं धुतलं जातं. यंत्रं, पाने, ट्रॉल्या, वजनकाटे. पाइप लावून फरशा धुवायच्या, मग झेंडूचे हार, हळदकुंकू, नारळ. वर्षभर आपण ज्याच्यावर जगतो ते एक दिवस स्वच्छ करून त्याच्या पाया पडायचं. कोरडी खोलीसुद्धा वर्षातून त्या एका दिवशी धुतली जायची, आणि ते काम मामा दुसऱ्या कोणाला करू देत नसत. आदल्या दिवशी ते दोन-पाचचे सगळे ड्रम स्वतः बाहेर काढायचे, दुसऱ्या गोदामात ताडपत्रीखाली ठेवायचे, पूजेच्या सकाळी खोली धुवायचे, दिवसभर पंखा लावून वाळवायचे आणि हात फिरवून खात्री झाली की ड्रम परत आणायचे. इतक्या वर्षांत एक थेंब इकडचा तिकडे झाला नव्हता.

त्या वर्षीही त्यांनी तसंच केलं. दोन-पाचचे तीन ड्रम बाहेर नेले. सोड्याच्या ड्रमांबरोबर एक चार-दहा राहिला. त्यांना तो कुठलातरी नवा माल वाटला.

मी लॅबमध्ये तराजूला हार घालत होतो. नवा झब्बा होता अंगात. बादली पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ धावपळ.

नंतर जे जुळवलं ते असं. पाइपाचं पाणी भिंतीवरून उसळून सैल झाकणातून ड्रममध्ये गेलं. आत चर्र झालं, कडेने पांढरा धूर आला. मामांनी पाइप दाराबाहेर फेकला. मग ते पळून जाऊ शकले असते. पण माल भिजतोय असं वाटून त्यांनी ड्रम वाचवायचं बघितलं. कडी काढली, झाकण उचललं आणि आत वाकून पाहिलं. पूजेच्या दिवशी डोळ्यांना गॉगल कोण लावतं? सगळ्यांचे गॉगल खुंटीला होते.

मी पोहोचलो तेव्हा मामा दाराबाहेर गुडघ्यांवर बसले होते, दोन्ही तळवे तोंडावर. खुलताबादहून येणारा आमचा फोर्कलिफ्टवाला भरलेली बादली घेऊन उभा होता, आणि एका ऑपरेटरने त्याचा हात धरून ठेवला होता. चार-दहाला पाणी दाखवायचं नाही, हे त्या ऑपरेटरला गुरुवारी मीच सांगितलं होतं. सगळे गोल करून उभे होते आणि कोणी काही करत नव्हतं. मी मामांना काखेत धरून ओढत डोळे धुवायच्या नळाखाली नेलं.

फोर्कलिफ्टवाला मागे मागे येत म्हणाला, "पानी नक्को बोले थे ना, साब?"

मालाला पाणी नको. माणसाला पाणीच पाहिजे, चेहऱ्यावरची भुकटी झटकायची आणि धो धो पाणी, दुसरं काही नाही. हे दुसरं अर्धं मी कधी कोणाला शिकवलंच नव्हतं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, पाणी मिळेपर्यंत किती वेळ गेला? मी म्हणालो, दोन मिनिटं. दोनापेक्षा जास्तच असावीत. घड्याळ कोणीच बघितलं नव्हतं.

डावा डोळा गेला. उजव्याला उजेड आणि अंधार एवढं कळतं, माणूस कळत नाही. गालाची कातडी ओढली गेली आहे.

दिवाळीनंतर चौकशी बसली. आमचे मॅनेजर, मालकांकडचे एकजण आणि बाहेरून आलेले सुरक्षेचे एक सल्लागार. मला फार वेळ ठेवलं नाही. सल्लागारांनी विचारलं, लेबल बरोबर होतं का? मी म्हणालो, हो. खरंच होतं. इतकं बरोबर लेबल त्या वसाहतीत दुसऱ्या कोणाकडे नसेल. मग विचारलं, या कामगाराला बदल सांगितला होता का? मी तोंडाने उत्तर दिलं नाही. रजिस्टर उघडून त्यांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी नावांवरून बोट खाली आणलं, मामांच्या सहीवर थांबवलं आणि मान हलवली. रजिस्टर मिटताना ते म्हणाले, "तुमचे कागद एकदम व्यवस्थित आहेत." त्या खोलीत त्या वेळी मला बरं वाटलं, हे लिहिताना अंगावर काटा येतो. पण बरं वाटलं होतं.

घरी मी बायकोला म्हणालो, सही कधी घेतली ते कोणी विचारलंच नाही, विचारलं असतं तर सांगितलं असतं. ती भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "न विचारता पण सांगता येतं."

मी गप्प बसलो. मुलीचं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष होतं, माझं वय पन्नाशीच्या पुढे, आणि खोटी नोंद केली म्हणून काढलेल्या माणसाला या वसाहतीत दुसरं कोणी दारात उभं करत नाही. ही कारणं मी तेव्हा रोज मोजायचो. कारणं सगळी खरी होती, आणि मी भेकड होतो हेही खरं होतं.

कंपनीने उपचारांचं बघितलं. मामांना मात्र पुन्हा कामावर घेतलं नाही. त्यांच्या घरी मराठीत एक पत्र गेलं, त्यात 'निष्काळजीपणा' हा शब्द होता. ते पत्र त्यांच्या मुलीने त्यांना वाचून दाखवलं, असं पुढे कळलं.

त्यांच्या घरी जायला मला सातआठ महिने लागले. उन्हाळा होता. दोन खोल्यांचं घर, पुढे पत्र्याची पडवी. मामा पडवीत खुर्चीवर बसले होते, दाढी गुळगुळीत केलेली, सदरा इस्त्रीचा. माझ्या पावलांवरूनच ओळखलं त्यांनी.

"या सर, या. लई दिस वाट बघितली तुमची."

मला वाटलं, आता ते विचारणार. पण त्यांनी माझ्या बायकोची, मुलीची चौकशी केली, लॅबमधल्या तराजूची केली. मग आवाज खाली आणला.

"सर, डोळ्याचं काय नाय. वय झालंच व्हतं, मोतीबिंदू झाला आसता, काय बी झालं आसतं. पर माझं डोस्कं गेलंय."

"काय होतंय डोक्याला?"

"काय ध्यानात राहात नाय. आता बघा, तुमी मला त्या चार-दहाचं सांगितलंच आसंल. त्याबिगर सही कशी घेतली आसती? सही माझीच हाय, साहेबानं पत्रात लिव्हलंय. पर मला आठवत नाय. तुमी कुटं उबे व्हते, काय बोलले, काय काय आठवत नाय. रोज बसून आठवतो."

आतून त्यांची बायको म्हणाली, "त्यास्नी येकच याड लागलंय बघा. पोरीकडनं पाडं म्हनून घेत्यात, चुकतो का बघ म्हनत्यात. नातू मांडीवर घेत नायत. ईसरून सोडून देईन म्हनत्यात."

"चुकत नाय म्हना पाडं," मामा म्हणाले. "पर त्ये जुनं हाय. नवीन काय डोस्क्यात शिरत नाय. चार-दहा शिरलं नाय, म्हनून तर ह्ये झालं."

पाढे त्यांनी माझ्यापुढे म्हणून दाखवले. सतराचा, एकोणीसचा, एकोणतीसचा. एकही चूक नाही.

त्यांची मुलगी बारावी सायन्सला होती. आत अभ्यास करत बसली होती, ती पुस्तकात बोट घालून बाहेर आली. मला म्हणाली, "सर, एक विचारू? आमच्या पुस्तकात आहे हे. P₄O₁₀ म्हणजे फॉस्फरस पेंटॉक्साइड, आणि त्याचंच साधं सूत्र P₂O₅. मग कंपनीतलं ते चार-दहा म्हणजे दोन-पाचच ना?"

मामांनी मान तिच्याकडे वळवली. त्यांचे हात खुर्चीच्या दांड्यांवर होते, ते तसेच राहिले.

"दोन-पाचच व्हती ती?"

ते मला विचारत होते. मी म्हणालो, "हो, मामा. दोन-पाचच."

त्या क्षणी मला वेडी आशा वाटली. वाटलं की आता यांना आपोआप कळेल. जी वस्तू यांनी इतकी वर्षं जपली, तिच्यावर हे पाणी मारतील कसे? कोणी सांगितलं असतं तर मारलं असतं का? एवढं त्यांच्या डोक्यात आलं की पुढचं मला बोलावं लागणार नाही.

मामांनी बोटांवर काहीतरी मोजून पाहिलं. मग अगदी हळू म्हणाले, "मंग मी दोन-पाच बी ईसरलो. दोन-पाच ईसरलो म्हंजे आता काय ऱ्हायलं?"

सर खोटं बोलत असतील, ही शक्यता त्यांच्या मनाला शिवलीसुद्धा नाही. त्यापेक्षा त्यांना स्वतःचं डोकं गेलं हे मानणं सोपं गेलं. मी त्यांच्यापासून दोन हातांवर बसलो होतो. एक वाक्य बोलायचं होतं. तोंड उघडलं, आणि माझ्या तोंडून जे आलं ते असं होतं:

"वय झालं की होतं, मामा."

त्यांनी मान हलवली. "व्हय," म्हणाले. "व्हतंच."

चहा आला, तो मी प्यायलो. निघालो तेव्हा मुलगी रस्त्यापर्यंत सोडायला आली. तिच्या हातात अजून ते पुस्तक होतं. पडवीकडे एकदा बघून तिने विचारलं, "सर, दोन्ही एकच आहे हे तुम्ही बाबांना सांगितलं होतं ना?"

मी म्हणालो, "त्यांची सही आहे रजिस्टरमध्ये."

"मग बरोबर," ती म्हणाली आणि परत गेली.

त्यानंतर मी त्या घरी गेलो नाही. पुढच्याच वर्षी नोकरी सोडली. सोडतानाचे माझे सगळे कागद पूर्ण होते. मुलीला नोकरी लागली, आता मला कशाची भीती उरलेली नाही, आणि तरी मी शेंद्र्याकडची वाट टाळतो. मामा आहेत. पडवीत बसतात. नातवंडं अजून मांडीवर घेत नाहीत, असं तिकडून येणारा फोर्कलिफ्टवाला परवा सांगत होता. ती मुलगी शहरातल्या एका कॉलेजात केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. करते आणि घरी गेली की बापाला वाचून दाखवते, हेही त्याच्याकडूनच कळलं.

हे लिहिलेलं कधी तिच्या हातात पडलं, तर तिने ते मोठ्याने वाचावं. समोर बसून बोलायचं मला जमलं नाही. मामा, तुम्ही काहीच विसरला नाहीत. मी तुम्हाला सांगितलंच नव्हतं. फक्त सही घेतली.